नेत्राणीच्या प्रवाळातले भाडेकरू

बेळगावकरांचा समुद्र गोव्यात असतो. फार तर वेंगुर्ल्यात, नाहीतर मालवणात. चोर्ला घाट उतरायचा, मासे हाणायचे, काजू घ्यायचे आणि रविवारी रात्री परत. कारवारकडे आमच्यातलं कोणी वळलंच तर लग्नकार्याला. वास्तविक बेळगाव आणि कारवार दोन्ही १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते आणि एकाच दिवशी म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी अजून दोन्हीकडे आहेत. तरी समुद्र बघायचा तो गोव्याचाच. का ते विचारू नका.

या वेळी खालच्या अंगाला उतरलो ते बहिणीच्या मुलीमुळे. ती कर्नाटक विद्यापीठाच्या कारवारच्या कोडीबाग केंद्रात समुद्रजीवशास्त्र शिकते. वर्षभर ती मला एकाच प्रकारचे फोटो पाठवत होती. प्रवाळाची एखादी खाच, आणि त्या खाचेतून बाहेर आलेलं काहीतरी बारीक, पट्टेरी, काटेरी. बाकीचा प्राणी फोटोत कधीच नसायचा. "मावशी, कासवं काय, सगळेच बघतात. तू हे बघायला ये," असा तिचा आग्रह. त्या प्राण्याचं नाव ब्रिटल स्टार. जानेवारीतली अमावास्या धरून मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी डुबकी मारायला निघालो: मी, नवरा आणि कारवारहून ती.

शुक्रवार : बेळगाव ते कारवार

खानापूर, रामनगर, जगलबेट, जोयडा, अणशी, कद्रा असा रस्ता धरला. खानापूरपर्यंतचं धुकं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही. रामनगरला मात्र गाडी थांबवावीच. हे गाव सुपा धरणात घरंदारं गेलेल्या लोकांसाठी वसवलेलं. चहाच्या गाड्यावरच्या वहिनींचं सासर जुन्या सुप्यातलं, आणि ते सुपे आता पाण्याखाली.

"समुद्रावर चाललासा होय? बसा की. फुडं घाटात काय मिळत न्हाई, खाऊन जावा."

मिरची भजी आली. मिरची अशी की चहा गार वाटावा. कुठे, कशाला, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी जमेल तसं सांगितलं: समुद्रात प्रवाळावर एक प्राणी राहतो, कोणी धरला तर तो आपला हात तोडून देतो आणि निघून जातो, हात पुन्हा उगवतो. वहिनींनी झारा कढईवर झटकला. "म्हणजे शहाणंच म्हणायचं की ते. आमाला सगळंच सोडून यावं लागलं, परत काय उगवलं न्हाई." असं म्हणून त्या हसल्या. आम्हाला हसावं की नाही ते कळेना. त्यांनी दुसरा घाणा सोडला.

जोयड्याच्या पुढे काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं. फोनची रेंज जाते ती कद्र्यापर्यंत येत-जात राहते, तेव्हा पेट्रोल रामनगर-जोयड्यालाच भरून घ्या आणि अणशी घाट उजेडी उतरा. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, त्यामुळे त्या दिवसांत आधी चौकशी केल्याशिवाय निघू नये. जंगलात गाडी थांबवून फोटो काढू नयेत, असं फलकावर कानडीत आणि इंग्रजीत लिहिलेलं आहे. तरी प्रत्येक वळणावर कोणीतरी उभा असतोच.

कारवारला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि भूक मेली नव्हती. कोडीबागेजवळच्या खानावळीत भाची आधीच जागा धरून बसलेली. बांगड्याचं हुमण, इसवणाची तळलेली तुकडी, तिसऱ्यांची सुकी, सोलकढी. तिच्यासाठी आणलेला बेळगावी कुंदा तिनं जेवणाआधीच उघडला, आणि जेवता जेवता शिकवणी सुरू केली.

ब्रिटल स्टार म्हणजे तारामाशाचे भाऊबंद. काटेरी त्वचेच्या प्राण्यांतला ऑफियुरॉइडिया हा वर्ग, जगभरात २,००० हून जास्त जाती. मधे एक लहानशी गोल तबकडी, आणि तिच्यातून निघालेले पाच लांब, बारीक, वळवळणारे हात. तारामाशात हात आणि शरीर एकमेकांत मिसळलेले दिसतात, इथे तबकडी कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते स्पष्ट कळतं. मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आहे. तोंड तबकडीच्या खालच्या अंगाला, पाच जबड्यांचं. आणि दुसरं दार नाहीच.

"म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हणजे आत गेलेलं त्याच वाटेनं बाहेर."

नवऱ्याचा हुमणभाताचा घास थोडा वेळ हवेतच राहिला.

पुष्कळशा ब्रिटल स्टार दगडाखाली, वाळूत, चिखलात राहतात. काहींनी मात्र प्रवाळ धरला आहे. कठीण प्रवाळाच्या खाचा, मऊ प्रवाळाच्या फांद्या, सी फॅनच्या, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या प्रवाळाच्या, जाळ्या. तिथे माशांपासून लपायला जागा मिळते. शिवाय सी फॅन प्रवाहाला आडवा उभा असतो, त्यामुळे त्याच्या फांदीला विळखा घालून एक-दोन हात उंच धरले की वाहत्या पाण्यातले अन्नकण आपोआप काट्यांना आणि चिकट पादनलिकांना (हाताखालच्या बारीक नळीसारख्या पायांना) लागतात. दिवसा आत, रात्री बाहेर, असा बहुतेकांचा दिनक्रम.

आमच्या टिळकवाडीतल्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, आणि नवरा बँकेतून निवृत्त झालेला. त्यामुळे त्याचा प्रश्न ठरलेला होता. "राहतं ते ठीक आहे. भाडं काय देतं?"

भाची म्हणाली, "प्रश्न बरोबर आहे, काका. उत्तर उद्या."

शनिवार : वारा

राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून अंकोला, कुमटा, होन्नावर करत मुरुडेश्वर. कुमट्याच्या अलीकडे एका टपरीवर बन्स खाल्ले, म्हणजे पिकल्या केळ्याच्या गोडसर पुऱ्या, आणि वर कषाय. दुधातला हा धणे-जिऱ्याचा काढा उत्तर कन्नडात घरोघर होतो आणि चहा सोडायला लावण्याइतका चांगला असतो. मला तरी लावला, चार दिवस.

मुरुडेश्वरला नेत्राणीची फेरी शनिवारी दुपारची ठरलेली होती, पण सकाळी अकरानंतर वारा असा सुटला की समुद्रभर पांढरी फेसाची टोकं. बोटवाल्यांनीच नको म्हटलं. आम्हीही हट्ट केला नाही. इथली रीत लक्षात ठेवा: या किनाऱ्यावर दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून फेरी सकाळचीच पहिली मागा, आणि मुक्कामाचा एक दिवस हातात जास्त ठेवा. डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात सगळं बंद.

मग काय, देवदर्शन. १२३ फूट उंचीची शंकराची मूर्ती आणि समोर वीस मजली गोपुर. गोपुरात लिफ्टनं वर जाता येतं. वरून समुद्र बघत उभे राहिलो आणि नवऱ्यानं कालच्या प्रश्नाची आठवण केली.

भाचीनं सांगितलेली गोष्ट मला इतकी आवडली की सविस्तर लिहिते. २०१० च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट झाला आणि जवळजवळ तीन महिने तेल समुद्रात जात राहिलं. विहिरीपासून सुमारे ११ किलोमीटरवर, सुमारे १,३७० मीटर खोल, अंधारात, पॅरामुरिसिया बिस्काया नावाच्या प्रवाळाची झाडं आहेत. त्यांच्यावर तेलमिश्रित तपकिरी गाळ बसला. या प्रवाळाच्या फांद्यांना अ‍ॅस्टेरोस्केमा क्लॅव्हिगेरम ही ब्रिटल स्टार हात गुंडाळून बसलेली असते. संशोधकांनी पाण्याखालच्या यंत्रांनी त्याच त्या झाडांचे वर्षानुवर्षं फोटो काढले आणि फांदी न फांदी ताडून पाहिली. ब्रिटल स्टारचे हात पोचत होते त्या भागातल्या फांद्यांना इजा कमी होती आणि त्या लवकर सावरल्या. दूरच्या फांद्या जास्त मेल्या, त्यांच्यावर दुसरे जीव वाढले. हातांच्या हालचालीनं गाळ झटकला जात असावा आणि नको ते जीव बसायला जागा मिळत नसावी, असा त्यांचा निष्कर्ष. जिरार आणि फिशर अशा नावांची ती मंडळी भाचीला तोंडपाठ, मला नाहीत.

"म्हणजे झाडलोट करून भाडं फेडतं," नवरा म्हणाला. त्याला ते पटलेलं दिसलं. आमचे वरचे लोक जिनासुद्धा झाडत नाहीत.

दुसरी गोष्ट उत्तर अटलांटिकमधल्या पाण्याखालच्या डोंगरांवरची. मेटॅलोगॉर्जिया मेलॅनोट्रिकोस नावाचं खोल पाण्यातलं प्रवाळ आणि ऑफिओक्रिआस इडिपस ही ब्रिटल स्टार. लहान प्रवाळावर लहान ब्रिटल स्टार, मोठ्यावर मोठी, आणि एका झाडावर साधारण एकच. पिल्लू रोपट्यावर येऊन बसतं आणि दोघं बरोबरच मोठी होतात, ते आयुष्यभर. इथे मात्र प्रवाळाला काय मिळतं ते नवऱ्याच्या वहीत बसेना. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पागडीची खोली असेल."

संध्याकाळी वारा पडला नाही. नीर डोसे खाऊन लवकर झोपलो.

रविवार : नेत्राणी

नेत्राणी किनाऱ्यापासून सुमारे १० सागरी मैल, म्हणजे अठरा-एकोणीस किलोमीटर. बोटीनं दीड तासाच्या आसपास. वरून पाहिलं तर बेट बदामाच्या आकाराचं आहे म्हणतात. बोटीतून दिसतो तो सरळ पाण्यात उतरलेला काळा कडा आणि वर दाट झाडी. पुळण कुठेच नाही. पोचता पोचता कड्यावरून पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड निघाला आणि आमच्या डोक्यावरून एक फेरी मारून परत गेला. इंग्रजी नकाशांत या बेटाला पिजन आयलंड म्हटलंय. रानकबुतरं आम्हाला कड्याच्या सावलीत दिसली.

बोटीचे तांडेल साठीच्या पुढचे. कानडी, कोकणी आणि गरजेपुरतं मराठी. मला "अक्का" म्हणत होते. नवऱ्याला पाण्यात उतरायचं नव्हतं, तो त्यांच्याबरोबर वरच थांबला. दोघांची भाषा जुळत नव्हती, पण बिड्या आणि डिझेलचा भाव यांवर त्यांचं छान जमलेलं परत आल्यावर दिसलं.

पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाचा हात धरून पहिली डुबकी घेता येते. नवख्यांना बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. सर्दी झालेली असेल, कान दुखत असतील, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि वर बोटीतच बसा. सांगितल्यासारखं दाब वाढेल तसं नाक धरून कान मोकळे करत राहायचं. त्यात चुकारपणा केला तर कान दुखतो आणि डुबकी तिथेच संपते.

आता चष्म्याचं. माझा चष्मा लांबचा, मास्कमध्ये नंबर नव्हता. (आधी कळवलं तर काही ठिकाणी नंबराचा मास्क मिळतो, विचारून ठेवा.) म्हणजे पाच मीटरवरचं कासव मला हिरवट डाग दिसलं असतं. पण हातभर अंतरावरचं अगदी स्वच्छ, आणि मास्कमधून पाण्यातल्या वस्तू तशाही साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात. ब्रिटल स्टार बघायला यापेक्षा चांगले डोळे असूच शकत नाहीत, असं भाची म्हणाली. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तिनं प्रशिक्षकाला आधीच बजावलं होतं: हिला कासव नको, फट दाखवा. तो हसला, पण त्यानं तसंच केलं. सात-आठ मीटरवर तपकिरी, ढेकळासारखा वाढलेला एक कठीण प्रवाळ होता. त्याच्या बुंध्याशी नारिंगी स्पंज, आणि दोहोंच्या मधे दोन बोटं रुंद भेग. प्रशिक्षकानं बोट दाखवलं, मी बघितलं, काहीच नव्हतं. मग भेगेच्या कडेची एक रेघ हलली.

ती रेघ नव्हती, हाताचं टोक होतं. तपकिरी-पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना काचेसारखे पारदर्शक बारीक काटे, जाडी सुतळीएवढीही नसेल. त्याच्याजवळ आणखी एक टोक, आणि खाली स्पंजाच्या अंगाला तिसरं. तबकडी आत कुठेतरी. मी नकळत पुढे सरकले, माझी सावली भेगेवर गेली आणि तिन्ही टोकं आत. घाईनं नाही, पण एकाच वेळी. थांबलो. माझ्या मागून म्हणे पोपटमाशांचा थवा गेला, बाकीच्या मंडळींनी कासवही पाहिलं. मी भेगेकडे बघत होते. थोड्या वेळानं एक टोक परत आलं, मग दुसरं. तिसरं काही आलं नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. हात पोचत होते तिथला प्रवाळ बाकीच्यापेक्षा स्वच्छ आहे का? मला तरी फरक दिसला नाही. वर आल्यावर भाचीला सांगितलं तर म्हणाली, "एका डुबकीत भाडं वसूल होत नाही, मावशी. आखातात ते वर्षानुवर्षं मोजत होते. आणि सगळ्याच ब्रिटल स्टार झाडलोट करतात असं कोणी म्हटलेलं नाही. कित्येक नुसत्या राहतात."

परतीच्या वाटेवर तांडेलांना फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "हां, हे. खडकाजवळ जाळं गेलं की समुद्रातलं झाड अडकून येतं, लाल, पिवळं. त्याला हे गुंडाळलेलं असतं. सोडवायला गेलं की तुकडे तुकडे." मग फोन परत देत, "खायला येत नाही, विकायला येत नाही, चावत पण नाही. कोण बघतो, अक्का?"

त्यांना विचारलं, ते तुकडे पुढे काय करता? "पाण्यात. झाडासकट." मग स्वतःच म्हणाले की पूर्वी काही जण ती झाडं वाळवून शोभेला विकायचे, आता पकडतात. खरंच आहे. खडक बांधणारे प्रवाळ आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. तेव्हा किनाऱ्यावर वाळलेला तुकडा मिळाला तरी तो तिथेच राहू द्या.

बेळगावकरांसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना इथे. डायव्हिंग केल्या दिवशी घाट चढू नका. दाबाखाली श्वास घेतल्यानं रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. उंचावर हवेचा दाब कमी, तिथे लगेच गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि जास्त डुबक्यांनंतर १८ तास थांबायला सांगतात, आणि तोच नियम दोन हजार फुटांवरच्या गावालाही लागू धरतात. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे. सकाळी डुबकी आणि रात्री टिळकवाडीत जेवण, हा बेत आखू नका. आम्ही त्या नियमाच्या निमित्तानं किनाऱ्यावरच एक दिवस जास्त काढला, गोकर्णला मुक्काम केला, आणि सहलीतला सगळ्यात चांगला तास त्यातच मिळाला.

सोमवार : पहाटेची ओहोटी

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल जाते आणि या किनाऱ्यावर ती साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते. पहाटे साडेपाचला ओम बीचच्या खडकांवर पोचलो. मिट्ट काळोख, थंडी बऱ्यापैकी. जानेवारीत गोकर्णला शाल लागेल असं मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पायात घसरणार नाहीत अशा चपला हव्यात आणि विजेरीवर लाल कागद लावलेला बरा. तो का, ते लगेच कळलं.

पाणी उतरलेल्या खडकांत डबकी राहिलेली. कडेला झोअँथिडची मऊ, हिरवट गादी, म्हणजे प्रवाळाचे नातेवाईक, पण सांगाडा न बांधणारे. भाचीनं लाल उजेड तिरका धरला. गादीच्या कडेच्या फटीतून हात बाहेर आलेले होते, एक-दोन नव्हे, कितीतरी. दिवसा समुद्रात एका टोकासाठी ताटकळले होते, आणि इथे गुडघाभर पाण्यात सगळं कुटुंब ओसरीवर. नवऱ्यानं उत्साहानं आपला पांढरा टॉर्च पेटवला. फट रिकामी.

"डोळे कुठे आहेत यांना?" तो ओशाळून म्हणाला.

त्यावर भाचीचं आवडतं प्रकरण निघालं. कॅरिबियन समुद्रात ऑफिओकोमा वेंड्टी नावाची ब्रिटल स्टार आहे. दिवसा गडद तांबूस-तपकिरी, रात्री फिकट, पट्टेरी. २००१ मध्ये जोआना आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की तिच्या हातांवरच्या कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाच्या, तकट्यांवर बारीक फुगवटे आहेत आणि ते भिंगासारखा प्रकाश एकवटतात. सगळं अंगच डोळा, असं चित्र जगभर गेलं, पाठ्यपुस्तकांतही आलं. मग २०१८ मध्ये लॉरेन समनर-रूनी आणि मंडळींनी बारकाईनं पाहिलं, तर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्या भिंगांच्या खाली नव्हत्याच. त्या भिंगांच्या मधल्या जागांत, हजारोंनी पसरलेल्या होत्या. २०२० मध्ये याच लोकांनी दाखवलं की हा प्राणी खरंच ढोबळ आकृती ओळखतो, गडद आडोशाकडे चालत जातो, पण गडद रंगात असतो तेव्हाच. रंगद्रव्य पेशींवर बाजूनं येणारा उजेड अडवतं, म्हणून दिशा कळते. रात्री फिकट झाला की ते जमत नाही.

मला यात आवडतं ते हे की भिंगं खरी होती, प्रकाशही एकवटत होता, गोष्ट सुंदर होती, आणि तरी कोणीतरी परत जाऊन बघितलं.

उजाडता उजाडता एकीनं डबकं ओलांडलं. तारामासा पादनलिकांवर सरकतो, हिची चाल निराळी. एक हात पुढे रोखलेला, शेजारचे दोन वल्ह्यासारखे मागे रेटायचे, उरलेले ओढत यायचे. मधेच खेकडा आडवा आला तेव्हा ती वळली नाही. दुसरा हात पुढचा झाला आणि ती त्या दिशेनं निघाली, तबकडी आहे तिथेच. ब्राऊन विद्यापीठातल्या हेन्री अ‍ॅस्टली यांनी २०१२ मध्ये हे चित्रफितींवरून नेमकं मोजून दाखवलं होतं: कुठलाही हात पुढारी होऊ शकतो, अंग वळवायची गरजच नाही. नवरा हे दहा मिनिटं उकिडवा बसून बघत होता. भाड्याचं नाव नाही.

तेवढ्यात कालवं काढायला एक आजी आल्या, हातात कोयती आणि पितळी डबा. आम्ही दगड उलटून बघतोय हे पाहून त्या थबकल्या आणि कोकणी-कानडीत काहीतरी खडसावलं. भाचीनं सांगितलं: "दगड होता तसा, होता त्या तोंडानं ठेवा म्हणतायत. उलटा राहिला तर खालचं उन्हानं मरतं आणि वरचं गुदमरतं, मग महिनाभर त्यांना तिथे काही मिळत नाही." आम्ही मुकाट्यानं सगळे दगड परत लावले. त्या उभ्या राहून बघत होत्या. एक मी लावलेला त्यांना पसंत पडला नाही, तो पायानं फिरवून त्यांनी नीट बसवला आणि कामाला लागल्या.

दुपारी कारवारला परत. भाचीनं प्रयोगशाळेत जतन केलेल्या नमुन्यातला एक हात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. आत कॅल्साइटचे एकामागून एक मणके, सांध्यांनी जोडलेले. आपल्या पाठीच्या कण्यासारखं, पण आपल्याशी काडीचं नातं नाही. हात तुटतो तो या दोन मणक्यांच्या मधे, आणि तोही प्राण्याच्या मर्जीनं: तिथली ऊती तो काही क्षणांत सैल सोडतो. त्या नमुन्यात एक हात बाकीच्यांच्या निम्म्या लांबीचा आणि फिकट होता. परत उगवत असतानाच तो जाळ्यात सापडला असणार.

मंगळवार : घाट

भाची कोडीबागेतच राहिली, तिची परीक्षा जवळ आलेली. कद्र्याच्या पुढे धुकं, अणशीत नुसतं दंव टपकत होतं. कुंभारवाड्याजवळ रस्त्याकडेला कुणबी बायका कंद घेऊन बसल्या होत्या. जोयड्याच्या या भागातले कंद नावाजलेले आहेत आणि जानेवारी हा त्यांचा हंगाम, तेव्हा या रस्त्यानं आलात तर पिशवी बरोबर ठेवा. आम्ही कणगं, करांदे आणि एक भलीमोठी मुडली घेतली. बाईंनी प्रत्येकाची कृती सांगितली. कणगं मीठ घालून उकडा. मुडलीची भाजी करा, नाहीतर काप. करांदे मात्र कडू असतात, ते आधी सोलून, चिरून पाण्यात ठेवा, पाणी बदला आणि मगच शिजवा.

नवऱ्यानं करांदे थेट कुकरला लावले.